कॉम्प्रेशन गेलं, पण गेलं कुठून?

शेतीयंत्रं : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : काका, नमस्कार. सावळजला माझी अडीच एकर द्राक्षबाग आहे. बागेसाठी 18 एचपीचा, तीन सिलेंडरचा जुना डिझेल ट्रॅक्टर सेकंडहँड घेतलाय. यंदा थंडी पडल्यापासून सकाळी सेल्फ मारून मारून बॅटरी उतरते. सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो, डोळे चुरचुरतात, पण इंजिन पकडत नाही. कधी पेटतं फडकं एअर क्लीनरपाशी धरून, कधी उतारावर ढकलून सुरू करतो. सुरू झाला की थोडा वेळ एक सिलेंडर चुकल्यासारखा धडधडतो, मग दिवसभर तक्रार नाही. फक्त फवारणीचा ब्लोअर जोडला की पूर्वीसारखा ओढत नाही आणि ऑइल थोडं थोडं कमी होतं. एका गॅरेजवाल्यानं इंजिनाला हात न लावताच सांगितलं, कॉम्प्रेशन गेलंय, फुल इंजिन काम, 45 हजार धरा. भुरी रोगाच्या फवारण्या तोंडावर आहेत. काय करू?
– एक द्राक्ष बागायतदार, सावळज, ता. तासगाव

उत्तर : दादा, कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टननं सिलेंडरमधल्या हवेवर आणलेला दाब, कमी झालाय हा अंदाज बहुतेक बरोबर आहे. 45 हजारांचा आकडा मात्र कशावरून काढला, ते त्यांना विचारा. कॉम्प्रेशन जायला वाटा बऱ्याच आहेत. पिस्टनभोवतीच्या रिंगांच्या बाजूनं खाली ऑइल चेंबरमध्ये, हवा आत घेणाऱ्या आणि धूर बाहेर सोडणाऱ्या व्हॉल्व्हच्या बैठकीतून, हेडच्या (सिलेंडरवरच्या झाकणाच्या) पॅकिंगमधून, नाहीतर डिझेल फवारणाऱ्या नोझलखालच्या तांब्याच्या वॉशरमधून. वॉशर काही रुपयांचा येतो आणि रिंगांसाठी अख्खं इंजिन उतरवावं लागतं. दोन्हीकडे लक्षण तेच, सकाळी पांढरा धूर. म्हणून हवा कुठून जातेय हे कळल्याशिवाय इंजिनाचा एक बोल्टही सैल करू देऊ नका.

आधी ते पेटतं फडकं बंद करा. फडक्याची जळकी सुतं आणि राख सरळ सिलेंडरमध्ये ओढली जाते. स्टार्टिंगचा स्प्रेही नको. थंडीत सिलेंडरमधली हवा तापवणारे हीटर प्लग गरम असताना तो मारला तर अवेळी भडका उडतो, रिंगा तुटतात, पिस्टनच्या रिंगांमधल्या कडा फुटतात.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पिस्टन हवेला मूळ जागेच्या सोळाव्या ते बाविसाव्या हिश्श्यात दाबतो, त्या दाबानं हवा इतकी तापते की फवारलेलं डिझेल आपोआप पेटतं. दाब थोडा जरी निसटला तरी उष्णता कमी पडते. दुपारी इंजिन गरम असतं, तेव्हा ही कसर भरून निघते. पहाटे गार ब्लॉक उरलीसुरली उष्णता शोषून घेतो आणि डिझेल न जळता धूर होऊन बाहेर पडतं. तुमचे डोळे चुरचुरतात ते त्या कच्च्या डिझेलमुळे. याचा एक फायदा असा, की डिझेल सिलेंडरपर्यंत पोचतंय हे नक्की झालं. धूरच नसता तर मी तुम्हाला फिल्टर आणि पंपाकडे पाठवलं असतं.

आता कॉम्प्रेशनला दोष देण्याआधी दोन गोष्टी बघा. पहिली, सेल्फचा वेग. बॅटरी अर्धी उतरलेली, अर्थिंगची केबल गंजलेली असली तर चांगलं इंजिनही थंडीत पेटत नाही, कारण पिस्टन सावकाश चढला की हवेला निसटायला आणि गार व्हायला वेळ मिळतो. सेल्फ मारताना बॅटरीवर मीटर धरा. साडेनऊ-दहा व्होल्टच्या खाली जात असेल तर आधी ते दुरुस्त करा. दुसरी, हीटर प्लग. तीनपैकी एक जळला तर तुम्ही लिहिलंय तसंच होतं. दोन सिलेंडर पकडतात, एक थोड्या वेळानं येतो. वरची जोडपट्टी काढा, टेस्ट लॅम्पची एक तार बॅटरीच्या प्लसला लावून दुसरी एकेका प्लगच्या टोकाला टेकवा. ज्याच्यावर दिवा लागत नाही तो गेलेला. घरी बसून होणारं काम आहे आणि बऱ्याचदा दुखणं इथंच संपतं.

इथं संपलं नाही, तर पुढचं काम कानाचं. स्टॉपची दांडी ओढून धरा म्हणजे इंजिन सुरू होणार नाही, आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. तीन चांगले सिलेंडर असतील तर घर्र-घर्र-घर्र असा एकसारखा ठोका येतो, प्रत्येक दाबाला सेल्फ थोडा अडखळतो. एक सिलेंडर रिकामा असेल तर दोन ठोके जड आणि तिसरा पळता येतो. तिन्ही सारखेच हलके लागले तर एकूण झीज झालीय असं समजा. एकच हलका असेल तर मला उलट बरं वाटतं, कारण मग दुखणं एका जागेचं असण्याची शक्यता जास्त.

नंतर ट्रॅक्टर सुरू करून गरम होऊ द्या आणि ऑइल भरायचं झाकण सैल करून वर नुसतं ठेवा. थोडी वाफ आणि हलकी थरथर चालते. झाकण उडायला लागलं, धुराचे भपके यायला लागले, इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या ब्रीदरच्या नळीखाली ऑइलचे थेंब पडायला लागले, तर रिंगांतून हवा खाली जातेय. रेडिएटरचं झाकण इंजिन गार असतानाच काढा, मग सुरू करून पाण्याकडे बघा. सतत बुडबुडे येत असतील आणि पाणी कमी होत असेल तर हेड पॅकिंग. बागेच्या ट्रॅक्टरला हा त्रास जास्त, कारण ओळीतून फिरताना पाला रेडिएटरच्या जाळीवर बसतो आणि इंजिन तापतं. आणि प्रत्येक नोझलच्या बुडाशी साबणाचं पाणी सोडा. फेस फुगला किंवा तिथं काजळीचा ओला काळा गोल दिसला, तर नोझल काढून बैठक साफ करा आणि नवा कॉपर वॉशर घाला. जुना वॉशर तापवून परत घालणारे मिस्त्री आहेत. मला ते पटत नाही.

कॉम्प्रेशन मोजायचा गेज लावायच्या आधी टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या दांडीमधली फट, बघून घ्या. व्हॉल्व्हची बैठक झिजत गेली की व्हॉल्व्ह वर सरकतो, टॅपेटची फट कमी होत जाते, आणि एक दिवस व्हॉल्व्ह पूर्ण बंदच होत नाही. छोट्या डिझेल इंजिनात ही फट साधारण 0.15 ते 0.25 मिमी असते. तुमच्या इंजिनाचा आकडा पुस्तकात बघा, इंजिन गार असताना फिलर गेजनं तपासा. नुसतं टॅपेट सेटिंग करून ट्रॅक्टर सकाळी एका सेल्फमध्ये लागला, असं माझ्या गॅरेजमध्ये दर हिवाळ्यात होतं.

गेज डिझेलचाच हवा, 70 किलोपर्यंतचा (किलो म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवरचा दाब). मोटरसायकलचा 20 किलोचा गेज लावला तर तो फुटेल. तिन्ही नोझल किंवा तिन्ही हीटर प्लग काढा, एअर क्लीनर मोकळा करा, स्टॉप ओढलेला ठेवा, बॅटरी भरलेली असू द्या आणि प्रत्येक सिलेंडरला सारखेच, पाच-सहा दाब द्या. अशा इंजिनात चांगला आकडा साधारण 28 ते 32 किलोच्या आसपास येतो, 22-23 च्या खाली गेला की थंडीत रडगाणं सुरू होतं. मला आकड्यापेक्षा काटा कसा चढतो ते जास्त सांगतं. पहिल्या दाबाला कमी आणि पुढं हळूहळू चढत गेला तर रिंगा. पहिल्यापासून कमी आणि तिथंच थबकला तर व्हॉल्व्ह. शेजारचे दोन सिलेंडर सारखेच कमी आले तर त्यांच्या मधलं हेड पॅकिंग. तिघांत दहा टक्क्यांहून जास्त फरक नसावा.

सिलेंडरमध्ये ऑइल घालून पुन्हा गेज लावतात, आकडा वाढला तर रिंगा गेल्या म्हणतात. पेट्रोल इंजिनाला ही परीक्षा चांगली आहे. डिझेलमध्ये तिच्यावर फार भरवसा ठेवू नका. पिस्टनवरची जागाच इतकी कमी असते की घातलेलं ऑइलच ती व्यापतं आणि चांगल्या-वाईट दोन्ही सिलेंडरचा आकडा वाढतो. जास्त पडलं तर पिस्टन ऑइलवर आदळून कनेक्टिंग रॉड वाकतो.

त्यापेक्षा हवेची परीक्षा करा. माझा सगळा भर हिच्यावर आहे. जुना जळलेला हीटर प्लग घ्या, लेथवाल्याकडून तो आरपार पोकळ करून घ्या आणि वरती पितळी वेल्डिंगनं हवेचा निपल बसवून घ्या. हवा पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची चालते, पाच-सहा किलो पुरे. जो सिलेंडर बघायचा तो दाबाच्या टोकाला आणा, म्हणजे त्याचे दोन्ही टॅपेट मोकळे हलले पाहिजेत. पिस्टन टोकापासून थोडा जरी सरकलेला असेल तर हवा सोडताच इंजिन झटक्यानं फिरतं. म्हणून वरचा गिअर टाका, ब्रेक लॉक करा, चाकांना दगड लावा आणि फॅनजवळ कुणाचा हात नको. आता हवा सोडा आणि ऐका. सायलेन्सरच्या तोंडातून सूं आवाज आला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, एअर क्लीनरच्या होजमधून आला तर इनटेक, ऑइलच्या झाकणातून आला तर रिंगा, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर पॅकिंग. झाकणातून थोडी हवा चांगल्या इंजिनातही येते, कारण रिंगांना फट असतेच. व्हॉल्व्हमधून मात्र काहीच येता कामा नये. तिन्ही सिलेंडर एकामागोमाग ऐकले की वाईट कुठला ते शिकाऊ पोरगाही सांगेल.

व्हॉल्व्ह निघाला तर फक्त हेड उतरवायचं. हेड आडवं, पोर्टचं तोंड वर येईल असं ठेवून पोर्टमध्ये डिझेल ओतायचं, ज्या व्हॉल्व्हखालून पाझरतं त्याची बैठक कापून ग्राइंडिंग पेस्टनं घासून घ्यायची. 45 हजारांच्या जवळपासही हा खर्च जात नाही.

रिंगा निघाल्या तरी लगेच लाइनर-पिस्टनचं किट घेऊ नका. हेड उतरवल्यावर एक नवी रिंग सिलेंडरमध्ये पिस्टननं सरळ ढकलून बसवा, एकदा वरच्या टोकाला, जिथं रिंग फिरते तिथं, आणि एकदा अगदी बुडाशी, जिथं झीज नसते. दोन्ही जागी रिंगेच्या टोकांमधली फट फिलर गेजनं मोजा. दोन फटींतल्या फरकाला 3.14 नं भागलं की वरती बोअर, म्हणजे सिलेंडरचा आतला व्यास, किती मोठा झालाय ते निघतं. फरक 0.63 मिमी आला तर बोअर 0.2 मिमीनं वाढला. ज्याच्याकडे बोअर गेज नाही त्यालाही हे जमतं. नव्या रिंगेची फट दर 100 मिमी बोअरला साधारण 0.4 मिमी धरतात. झीज पुस्तकातल्या मर्यादेत असेल तर होनिंग करून (सिलेंडरची भिंत दगडानं घासून) नुसत्या रिंगा घाला. मर्यादेबाहेर असेल तर लाइनर-पिस्टन किट, आणि तुमच्या इंजिनात वेगळा लाइनर (सिलेंडरमधली बदलता येणारी नळी) नसेल तर ब्लॉक बोअर करून 0.25 किंवा 0.50 मिमी ओव्हरसाइज पिस्टन. बोअरिंगला पलूस-कुंडलकडचा जुना हात मिळाला तर बघा. किर्लोस्करवाडीचा कारखाना 1910 पासून तिथं आहे, त्या भागात मायक्रोमीटर नीट धरणारी माणसं अजून भेटतात.

आणखी एक काम, आणि हे मी तुम्हाला हात जोडून सांगतो. एअर क्लीनरपासून इंजिनापर्यंत जाणारा रबरी होज काढा, पांढरं फडकं बोटाला गुंडाळून त्याच्या आतून फिरवा. फडकं स्वच्छ आलं पाहिजे. त्यावर तांबूस माती आली, तर तुमच्या रिंगा कशानं गेल्या त्याचं उत्तर ते फडकंच आहे. होजला क्लिपेखाली बारीक चीर असते, बाहेरून दिसत नाही, वाकवून बघावी लागते. ऑइल बाथ क्लीनर असेल तर वाटीतलं ऑइल खुणेपर्यंत आहे का आणि तळाशी गाळ किती साचलाय ते बघा. बागेच्या ओळीत छोटा ट्रॅक्टर अगदी जमिनीलगत चालतो, मागं ब्लोअरचा पंखा धूळ उडवत असतो आणि परतीच्या ओळीत तीच धूळ इंजिन ओढतं. चीर तशीच ठेवून नवं किट घातलंत तर पुढच्या एप्रिल छाटणीला पुन्हा मलाच पत्र लिहाल.

तूर्त फवारणीसाठी हीटर, बॅटरी, टॅपेट आणि वॉशर एवढं करून घ्या. यावर ट्रॅक्टर सकाळी लागायला लागला तर हंगाम काढा आणि इंजिन माल गेल्यावर उघडा. लागल्याबरोबर मात्र पूर्ण रेसवर ब्लोअर जोडू नका.

प्रश्न : आमच्या आल्याच्या शेतात पेट्रोलवर चालणारा, दोरीनं सुरू होणारा पॉवर वीडर आहे. सकाळी छान सुरू होतो, तासभर चालला की बंद पडतो आणि गार होईपर्यंत लागत नाही. मिस्त्रींनी गेज लावला, साडेचार किलो आलं, म्हणाले इंजिन संपलं, नवं घ्या. खरंच संपलं का?
– एक शेतकरी भगिनी, कोरेगाव, जि. सातारा

उत्तर : ताई, नुसत्या त्या आकड्यावरून नवं इंजिन घेऊ नका. दोरीच्या बहुतेक इंजिनांत कॅमशाफ्टवर एक छोटं वजन असतं. इंजिन सावकाश फिरत असताना ते एक्झॉस्ट व्हॉल्व्ह केसभर उचलून धरतं, म्हणजे दोरी ओढताना हाताला झटका बसत नाही. वेग आला की वजन बाहेर फेकलं जातं आणि व्हॉल्व्ह पूर्ण बसतो. गेज आपण दोरी ओढूनच लावतो, त्यामुळे धडधाकट इंजिनही कमीच दाखवतं. अमेरिकेतल्या जुन्या गार्डन ट्रॅक्टरांवर कोहलर कंपनीची जी एक सिलेंडरची इंजिनं असत, त्यांतही ही सोय आहे आणि तिथंही गेजऐवजी वर सांगितलेली हवेची परीक्षाच करतात.

घरच्या घरी असं बघा. स्पार्क प्लगची कॅप काढून बाजूला बांधा, प्लग जागेवरच राहू द्या. दोरीचं कव्हर उतरवून फ्लायव्हील हातानं उलटं, म्हणजे नेहमीच्या विरुद्ध दिशेनं, जोरात फिरवा. ही सोय बऱ्याच इंजिनांत उलट्या फिरण्याला लागू पडत नाही. फ्लायव्हील दाबाला आपटून चेंडूसारखं मागं आलं तर कॉम्प्रेशन आहे. मऊ पडून तसंच पुढं गेलं तर मिस्त्रींचं म्हणणं खरं धरा.

तुमचा वीडर गरम झाल्यावर बंद पडतो, यावरून मला दोन शंका आहेत. बंद पडल्या क्षणी दुसरा प्लग कॅपला लावून, इंजिनाच्या लोखंडाला टेकवून ठिणगी बघा. पेट्रोल सांडलेलं नाही ना, ते आधी बघून घ्या. ठिणगी नसेल तर ठिणगीला वीज देणारी कॉइल गरम होऊन काम सोडतेय, कॉम्प्रेशनचा संबंध नाही. ठिणगी चांगली असेल तर इंजिन गार झाल्यावर टॅपेट मोजा. अशा बऱ्याच इंजिनांत इनटेक 0.15 आणि एक्झॉस्ट 0.20 मिमी असतो. एक्झॉस्टची फट उरलीच नसेल, तर व्हॉल्व्ह तापून लांबला की उघडाच राहतो आणि गार झाला की परत बसतो. तुमच्या वर्णनाला हे अगदी जुळतं. फट वेळेत नीट केली नाही तर व्हॉल्व्हची कड जळते, म्हणून हे काम पुढच्या खुरपणीआधी करा.

प्रश्न : महाबळेश्वरजवळ स्ट्रॉबेरीच्या शेतात आमचा जुना छोटा डिझेल ट्रॅक्टर आहे. कॉम्प्रेशन 25 किलो आलं, पुस्तकात 29 आहे. जाड ऑइल किंवा डब्यातलं औषध टाकून भागेल का?
– एक वाचक, ता. महाबळेश्वर

उत्तर : तुमचा आकडा मला फारसा वाईट वाटत नाही. तुम्ही 1300 मीटरच्या आसपास आहात, तिथं हवाच विरळ. हजार मीटरला साधारण दहा टक्के आकडा उतरतो, तेव्हा 29 चे 25 बरेचसे उंचीनं झालेत. सगळे सिलेंडर सारखे असतील आणि इंजिन ऑइल खात नसेल तर इंजिनाला हात लावू नका, हीटर प्लग आणि बॅटरीकडे लक्ष द्या.

जाड ऑइलनं तुमच्या थंडीत सेल्फ उलट जड फिरेल. पुस्तकात जो ग्रेड आहे तोच घाला. डब्यातल्या औषधानं झिजलेला बोअर भरत नाही. ट्रॅक्टर पावसाळाभर उभा राहून रिंगा कार्बननं चिकटल्या असतील तर एक उपाय करून बघता येतो. नोझल काढून प्रत्येक सिलेंडरमध्ये चमचाभर डिझेल आणि पॉवर स्टीअरिंगचं तेल निम्मं-निम्मं सोडा, रात्रभर ठेवा. सकाळी नोझल बाहेर असतानाच, समोर कुणी उभं नाही बघून, सेल्फ मारा म्हणजे उरलेलं तेल उडून जाईल. मग नोझल नव्या वॉशरसह बसवा, इंजिन ऑइल बदला आणि दिवसभर चांगल्या ओझ्यावर चालवून पुन्हा गेज लावा.